नाकाशी सव्वा लाख डॉलर, बांधावर चारशे: कोकेनची मागणी आणि कोलंबियातले युद्ध

प्रश्न दोन भागांचा आहे. कोकेन घेणारे बहुतेक लोक अमेरिकेत आणि युरोपात, मग गोळीबार, अपहरणे आणि गावेच्या गावे उठून जाणे कोलंबियात का? आणि उद्या गिऱ्हाईकच संपले तर तिथले युद्ध संपेल का?

पहिल्या भागाला ‘मागणीमुळे’ असे एका शब्दात उत्तर देण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. कोकेन कोका या झुडपाच्या पाल्यापासून बनते; बोलिव्हियातल्या कोका-पाल्याचाही मोठा भाग कोकेनकडेच जातो, पण तिथे असे युद्ध नाही. अफूच्या बोंडाला औषध कंपन्यांची मागणी आहे, पण नीमच-मंदसौरच्या अफू-शेतात कोणी फौज उभारलेली नाही. परदेशी मागणी पैसा पाठवते. तो कोणत्या टप्प्यावर, कोणाच्या हातात पडतो आणि तिथे सरकार आहे की नाही, यावर पुढचे ठरते. म्हणून आधी पैशाचा माग काढू.

एक किलो कोकेनला साधारण अर्धा टन किंवा त्याहून थोडा जास्त ओला पाला लागतो. शेतकऱ्याला त्याचे चारशे-पाचशे डॉलर मिळतात. त्याची कच्ची पेस्ट झाली की आठशे-हजार. पूड होऊन कोलंबियाच्या किनाऱ्याला लागली की दोन हजारांच्या आसपास. अमेरिकेत घाऊक भावात पंचवीस-तीस हजार, युरोपच्या बंदराबाहेर तीस-चाळीस हजार, ऑस्ट्रेलियात लाखाच्या वर. अमेरिकेच्या गल्लीत ग्रॅमवारी विकली जाते तेव्हा, भेसळ वजा करून, किलोमागे लाख-सव्वा लाख डॉलर जमा होतात. भाव वर्षागणिक हलतात, पण शेताचा वाटा शेवटच्या किमतीच्या अर्ध्या टक्क्याच्याही आत राहतो.

सगळ्यात मोठ्या उड्या सीमा ओलांडताना आणि किरकोळ विक्रीत आहेत, म्हणजे पैशाचा मोठा हिस्सा घेणाऱ्या देशातच राहतो. आणि ही वाढ मालाच्या गुणाची नाही, जोखमीची आहे. पकडले जाण्याची, मारले जाण्याची, माल बुडण्याची किंमत प्रत्येक टप्प्यावर चढत जाते. जोखीम घ्यायला जो तयार, त्याची कमाई. ज्याच्याकडे बंदुका आहेत त्याला ती जोखीम इतरांपेक्षा स्वस्त पडते.

जाता जाता आपल्याकडच्या बातम्यांबद्दल. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्हावा शेवा बंदरात दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या पेअर आणि हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरात सुमारे ५० किलो कोकेन सापडले. किंमत छापून आली ५०२ कोटी रुपये, म्हणजे किलोला दहा कोटी. अमेरिकेतला किरकोळ भावसुद्धा तेव्हाच्या दराने किलोला एक कोटीच्या आसपास बसतो. आणि कोलंबियाच्या किनाऱ्यावर तेवढाच माल पुन्हा विकत घ्यायला लागतात ऐंशी-पंच्याऐंशी लाख. तस्कराचे नुकसान मोजायचे तर हा शेवटचा आकडा धरायचा आणि त्यात वाहतूक मिळवायची. पाचशे कोटींचा फटका बसूनही धंदा कसा चालू राहतो, याचे आश्चर्य मग उरत नाही.

आता कोलंबियाच्या खेड्यात येऊ. शेवटच्या किमतीचे एक-दोन टक्केच देशात राहतात, मग त्यावर युद्ध कसे चालते? हिशेब मांडून बघा. समजा एका सशस्त्र गटाच्या ताब्यातल्या खोऱ्यातून वर्षाला २०० टन माल जातो आणि तो किलोला फक्त १०० डॉलर हप्ता घेतो. वर्षाला दोन कोटी डॉलर झाले. एका बंदूकधाऱ्याचा महिन्याचा खर्च ४०० डॉलर धरला तर चार हजार माणसांची फौज वर्षभर पोसली जाते. न्यूयॉर्कच्या गिऱ्हाईकाला हे १०० डॉलर जाणवतही नाहीत. त्याने मोजलेल्या किमतीच्या ते हजारात एक भागही नसतात. घेणाऱ्याच्या दृष्टीने चिल्लर आणि खेड्याच्या दृष्टीने खजिना, हे व्यस्त प्रमाण या विषयाच्या मुळाशी आहे.

वसुलीच्या जागाही ठरलेल्या असतात. पहिली शेतावर: पेस्टच्या प्रत्येक किलोवर कर. फार्क या गनिमी संघटनेने त्याला ‘ग्रामाहे’ नाव दिले होते, ग्रॅमवारी कर अशा अर्थाने. दुसरी खरेदीवर: या खोऱ्यात पेस्ट फक्त आम्ही नेमलेला दलाल घेईल, भाव आम्ही ठरवू. तिसरी प्रयोगशाळेवर, चौथी धावपट्टी, नदीचा घाट आणि किनारा यांवर. शेवटची सगळ्यात किफायतशीर, कारण माल तिथे एकवटतो आणि पाळत ठेवायला माणसे कमी लागतात. कोलंबियातल्या लढाया म्हणूनच शेतांपेक्षा नदीचे मुख, डोंगरातली खिंड आणि सीमेवरचे गाव यांसाठी जास्त झाल्या आहेत. पॅसिफिक किनाऱ्यावरचे तुमाको आणि व्हेनेझुएलाच्या सीमेवरचे काताटुम्बो खोरे ही त्याची ठळक नावे. काताटुम्बोतल्या तिबू या एकाच तालुक्यात २०२१-२२ च्या सुमारास वीस हजार हेक्टरांवर कोका होता. सीमा लागून असल्याने पेस्ट बनवायला लागणारे पेट्रोल बरीच वर्षे पलीकडून स्वस्तात येत असे आणि लष्कर मागे लागले तर पलीकडे जाता येते.

शेतकरी कोका का लावतो याचे उत्तर ऊसतोडणीची उचल ठाऊक असलेल्या वाचकाला लवकर कळेल. पक्का रस्ता नाही, बाजार दोन दिवसांच्या होडीवर. केळी किंवा मका तिथवर नेईपर्यंत भाडे मालापेक्षा जड होते. कोकाचे झाड एकदा लागले की वर्षाला चार ते सहा तोडण्या देते, पेस्ट पिशवीत मावते, खरेदीदार दारात येतो, रोख देतो आणि वेळेला आगाऊही देतो. पाला ओरबाडणाऱ्या मजुराला तिथे ‘रास्पाचिन’ म्हणतात. त्याची मजुरी अरोबावर, म्हणजे साडेबारा किलोंवर. रस्ता, पतपेढी, जमिनीचा कागद यातले काहीच सरकारने दिलेले नसते. त्या पोकळीत कोका उभा राहतो आणि त्याच पोकळीत बंदूकधारी.

इथे एक गैरसमज काढायला हवा. कोलंबियातले युद्ध कोकेनने सुरू केले नाही. जमिनीच्या मालकीवरून आणि दोन पक्षांच्या वैरातून १९४८ नंतर दहा वर्षे तिथे कत्तली झाल्या. फार्क आणि ईएलएन या दोन्ही डाव्या गनिमी संघटना १९६४ च्या. कोकेनची लाट १९७० च्या दशकाच्या अखेरीस आली. तिने युद्धाचा स्वभाव बदलला. १९८० च्या सुरुवातीला दोन-तीन हजारांच्या आसपास असलेली फार्क २००० च्या सुमारास सतरा-वीस हजारांवर गेली. त्याआधी अशा संघटनेला गावाचा पाठिंबा लागायचा: भात, निवारा, बातमी. पैसा बाहेरून येऊ लागला तशी गावाची संमती कमी लागू लागली, गावाची जमीन मात्र जास्त लागू लागली. माणसे पांगली तरी चालेल, खोरे हातात हवे.

दुसऱ्या बाजूलाही तेच. १९८१ मध्ये मेदेयीन शहरातल्या तस्करांनी एका अपहरणाच्या रागातून ‘अपहरणकर्त्यांना मरण’ नावाची टोळी उभी केली. जमीनदार, तस्कर आणि काही लष्करी अधिकारी यांच्या अशा साट्यालोट्यातून उजव्या निमलष्करी फौजा वाढल्या आणि १९९७ मध्ये एयूसी या एका नावाखाली आल्या. तिचा म्होरक्या कार्लोस कास्तान्यो याने २००० मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितले की सत्तर टक्के खर्च अमली पदार्थांच्या पैशातून निघतो. डावे आणि उजवे एकमेकांना मारत होते, पण दोघांची तिजोरी एकाच गिऱ्हाईकाने भरली होती. शहरात कार्टेलांनी, म्हणजे तस्करांच्या बड्या टोळ्यांनी, सरकारशी थेट झुंज घेतली: १९८४ मध्ये न्यायमंत्री रोद्रिगो लारा बोनिया आणि ऑगस्ट १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लुईस कार्लोस गालान यांचा खून केला, त्याच नोव्हेंबरात आवियान्काचे प्रवासी विमान बॉम्बने उडवले. कोलंबियाच्या सत्य आयोगाने २०२२ मध्ये १९८५ ते २०१८ या काळातल्या मृतांचा अंदाज साडेचार लाख दिला; त्यातले सुमारे ऐंशी टक्के सामान्य नागरिक.

मग पाल्यालाच आग लावली तर? हा उपाय सगळ्यात जास्त वेळा करून झाला आहे. १९९४ ते २०१५ अशी एकवीस वर्षे विमानांतून ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले गेले. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘प्लॅन कोलंबिया’तून अमेरिकेने पुढच्या पंधरा वर्षांत दहा अब्ज डॉलरांच्या आसपास ओतले. अर्थशास्त्रज्ञांच्या एका हिशेबाने एक हेक्टर कोका प्रत्यक्षात कमी व्हायला तीसेक हेक्टर फवारावे लागले. कारणे साधी आहेत. शेतकरी फवारणीनंतर लगेच झाड बुडापाशी छाटतो आणि ते पुन्हा फुटते. पानांवर काकवीचे पाणी मारतो. वावरे लहान करून जंगलात विखुरतो. राष्ट्रीय उद्यानात जातो, कारण तिथे फवारणीला मनाई. आणि शेजारच्या वावरातला मका आणि युका हा खायचा कंद मात्र जळतो. ज्या माणसाला सरकारच्या बाजूला आणायचे त्याचेच अन्न जाळून त्याला टोळीच्या दारात पाठवले, असा हा कार्यक्रम.

वरची भावाची साखळी पुन्हा बघितली तर फवारणीचा हा उपाय बाजारावर का चालत नाही हेही दिसते. धडक मोहिमेने पाल्याचा खर्च दुप्पट झाला, चारशेचे आठशे डॉलर झाले, तरी सव्वा लाखाच्या मालात ती वाढ हजारात तीन भागांची. गिऱ्हाईक एक ग्रॅमही कमी करत नाही. उलट पाल्याचा भाव चढल्याने शेजारच्या खोऱ्यातला शेतकरी लागवडीकडे वळतो. फुगा एका बाजूने दाबला की दुसरीकडे फुगतो असे याचे वर्णन सगळेच करतात, पण तो हवेने फुगत नाही, भावाने फुगतो, एवढे लक्षात ठेवावे.

याचे नमुनेदार उदाहरण १९९५ चे. तोवर कोका मुख्यतः पेरू आणि बोलिव्हियात पिकायचा आणि पेस्ट लहान विमानांनी कोलंबियात यायची. पेरूने अमेरिकेच्या मदतीने ही विमाने पाडायला सुरुवात केली. पेरूचे क्षेत्र १९९२ मधल्या १,२९,००० हेक्टरांवरून १९९९ पर्यंत ४०,००० च्या खाली आले आणि जाहीर कौतुक झाले. लागवड कोलंबियाच्या दक्षिणेत, पुतुमायो आणि काकेता भागात सरकली. २००० मध्ये तिथले राष्ट्रीय क्षेत्र १,६३,००० हेक्टर होते. नंतरच्या अभ्यासात दिसले की ज्या भागांत ही नवी लागवड गेली तिथे उत्पन्न थोडेच वाढले, हिंसा मात्र ठळक वाढली. पेरूचे यश म्हणून मांडलेल्या त्या आलेखाची दुसरी बाजू कोलंबियाच्या मृत्यूनोंदींत आहे.

आकडे वाचताना एक पथ्य. कोलंबियाचे क्षेत्र २०१३ मध्ये ४८,००० हेक्टर, २०२३ मध्ये २,५३,०००. संभाव्य उत्पादन मात्र २९० टनांवरून २,६६४ टनांवर गेले. क्षेत्र पाचपट, माल नऊपट. हेक्टरी सहा किलोंचे साडेदहा किलो झाले, कारण वाण सुधारले, लागवड दाट झाली आणि प्रयोगशाळा पाल्याजवळ आल्या. त्यामुळे ‘इतके हेक्टर नष्ट’ ही बातमी एकटी काहीच सांगत नाही. ‘संभाव्य’ हा शब्दही सोडू नये. तो क्षेत्र गुणिले उतारा एवढाच असतो, प्रत्यक्ष तयार झालेला माल मोजलेला नसतो.

म्होरक्या पकडण्याचा उपायही असाच आहे. मेदेयीन कार्टेलचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार डिसेंबर १९९३ मध्ये मारला गेला. काही वर्षे काली कार्टेल, मग शेकडो लहान टोळ्या. एयूसीने २००६ पर्यंत शस्त्रे खाली ठेवली, तिच्या उराबा भागातल्या तुकड्यांतून ‘क्लान देल गोल्फो’ उभा राहिला. त्याचा प्रमुख ओतोनिएल ऑक्टोबर २०२१ मध्ये सापडला, मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या हवाली झाला. त्याच आठवड्यात त्याच्या माणसांनी उत्तर कोलंबियात दहाहून अधिक प्रांतांत ‘सशस्त्र बंद’ पुकारून रस्ते आणि दुकाने थांबवली. फार्क आपल्या सैनिकांना पगार देत नसे. ही टोळी देते. विचाराने बांधलेला माणूस नेता गेला की डळमळतो, पगाराने बांधलेला नव्या मालकाकडे हजेरी लावतो.

सगळ्यात महाग चूक २०१६ नंतर झाली. नोव्हेंबर २०१६ च्या करारानंतर फार्कच्या सुमारे तेरा हजार लोकांनी शस्त्रे सोडली. कराराबरोबर पर्यायी पिकांचा कार्यक्रम आला; जवळपास ९९,००० कुटुंबे नोंदली गेली. अट अशी की आधी स्वतःच्या हाताने कोका उपटा, मग वर्षभर महिना दहा लाख पेसो घ्या आणि त्यानंतर शेती-प्रकल्प मिळेल. पैसे बऱ्याच जणांना मिळाले, प्रकल्प मात्र दोन-तीन वर्षे रेंगाळले, रस्ते आणि जमिनीचे कागद त्याहून मागे. कोको (चॉकलेटचे पीक) किंवा मिरी हाताशी यायला तीन-चार वर्षे लागतात. मधली वर्षे काय खायचे? कार्यक्रमात सामील झालेल्यांनी परत कोका फारसा लावला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. पण कार्यक्रमाबाहेरच्या खोऱ्यांत क्षेत्र वाढत गेले आणि पीक बदलण्याचा आग्रह धरणारे गावपुढारी मारले गेले. फार्क गेली त्या जागी सरकार पोचायच्या आत ईएलएन, क्लान आणि फार्कचेच फुटीर गट पोचले. जानेवारी २०२५ मध्ये काताटुम्बोत ईएलएन आणि फुटीरांच्या झुंजीत पन्नास हजारांहून जास्त लोक घरे सोडून पळाले. क्रम उलटा हवा: आधी रस्ता, कागद आणि हमीचा खरेदीदार, मग नवे पीक, आणि ते दोन हंगाम विकले गेल्यावर कोका उपटणे. थायलंडने डोंगरी जमातींच्या अफूबाबत १९६९ पासून साधारण हाच क्रम धरला. तीस वर्षे लागली. आणि तिथली अफू सीमेपलीकडे म्यानमारच्या शान प्रांतात वाढली हेही त्याच वाक्यात सांगावे लागते.

इक्वाडोर कोका जवळजवळ पिकवत नाही, तरी तिथे आग लागली. २००० पासून चलन अमेरिकी डॉलर, ग्वायाकिल बंदरातून युरोपला जाणारे केळ्यांचे हजारो कंटेनर आणि उत्तरेला कोलंबियाचे सगळ्यात जास्त कोका पिकवणारे सीमाप्रांत. फार्क गेल्यावर सीमेवरची शिस्त मोडली, मेक्सिकन आणि बाल्कन खरेदीदार स्थानिक तुरुंग-टोळ्यांना पैशाऐवजी मालात मोबदला देऊ लागले आणि बंदरासाठी झुंज पेटली. लाखामागे सहा-सात असलेले खुनांचे प्रमाण २०२३ मध्ये पंचेचाळीसच्या आसपास गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार फर्नांदो विय्याविसेन्सिओ मारले गेले, जानेवारी २०२४ मध्ये टोळी थेट प्रक्षेपणात दूरचित्रवाणी केंद्रात घुसली. त्या काळात बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात वर्षाला शंभर टनांवर कोकेन पकडले जात होते. युरोपची वाढती मागणी ग्वायाकिलमध्ये अशी पोचते.

आता बोलिव्हिया. तिथे २००४ पासून चापारे भागात नोंदणीकृत कुटुंबाला एक ‘कातो’, म्हणजे १,६०० चौरस मीटर कोका लावायची मुभा आहे. मर्यादा पाळली जाते की नाही हे शेतकऱ्यांच्या संघटनाच बघतात. देशातले एकूण क्षेत्र तीस हजार हेक्टरांच्या आसपास, पाल्याला उघड बाजार आहे आणि चोरून कोकेनही बनते. पण शेतकरी आणि दलाल यांच्यामध्ये बंदूकधाऱ्याला बसायला जागा उरलेली नाही, कारण ती जागा संघटनेने व्यापली आहे. पाला तोच, गिऱ्हाईक तेच.

मराठी वाचकाला याचा जुना नमुना घरातच सापडेल. शिंदे-होळकरांच्या मुलखातली माळवा अफू एकोणिसाव्या शतकात दमण आणि मुंबईमार्गे चीनला जायची. कंपनीला ती पिकवणे थांबवता आले नाही, म्हणून १८३१ पासून तिने मुंबईच्या वाटेवर पेटीमागे पासाची फी बसवली. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची पळवाट बुजली आणि फी चढत चढत १८४७ मध्ये चारशे रुपये झाली. वाट ताब्यात घ्यायची, पर्यायी वाट बंद करायची, मग हप्ता वाढवायचा: काताटुम्बोतला ग्रामाहे याहून वेगळा नाही. फरक युद्ध कुठे झाले यात. आरमार विकणाऱ्याच्या बाजूला होते, म्हणून १८३९-४२ आणि १८५६-६० ची युद्धे घेणाऱ्या देशात, चीनमध्ये झाली. आज दुबळे सरकार पिकवणाऱ्याकडे आहे.

प्रश्नाचा दुसरा भाग: मागणी आटली तर? थोडी झलक मिळालेली आहे. २००६ ते २०१० या काळात अमेरिकेतला कोकेनचा खप अभ्यासकांच्या अंदाजाने निम्म्यावर आला. कोलंबियातले क्षेत्रही घटले, पण त्याच सुमारास सोन्याचे भाव चढले आणि सशस्त्र गट बेकायदा खाणींकडे वळले. कोलंबियाच्या बाहो काउका भागात पारा, खोदाई-यंत्रे आणि त्यांवरचा हप्ता हे आजही क्लानचे मोठे उत्पन्न आहे. २०२२-२३ मध्ये कोका-पट्ट्यांत पेस्टचे खरेदीदार अचानक येईनासे झाले. गावांत रोख संपली, दुकानदारांनी पेस्टच्या बदल्यात तांदूळ देणे थांबवले, मजूर दुसरीकडे गेले. बंदूकधारी तिथेच राहिले. मेक्सिकोच्या गेरेरो राज्यातही हेच: अमेरिकी गिऱ्हाईक अफूपासून बनणाऱ्या हेरॉईनकडून प्रयोगशाळेत बनणाऱ्या फेंटानिलकडे गेल्यावर २०१७ नंतर अफूचा भाव कोसळला, खसखस लावणारी डोंगरी गावे उपाशी पडली आणि टोळ्यांनी ट्रक आणि दुकाने यांवर हप्ते बसवले.

म्हणजे मागणी घटली तर नवी भरती मंदावते, शस्त्रखरेदी कमी होते, सरकारला श्वास घ्यायला काही वर्षे मिळतात. पण त्या वर्षांत खोऱ्यात रस्ता, तलाठ्यासारखा जमीन नोंदणारा माणूस आणि न्यायालय पोचले नाही, तर रिकामी झालेली हप्त्याची जागा सोने, लाकूड किंवा गुरे भरून काढतात. आणि सध्या मागणी घटतही नाही: संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने जगातले कोकेन घेणारे २०१३ मधल्या १.७ कोटींवरून २०२३ मध्ये २.५ कोटींवर गेले.